जांभळ्या दोऱ्याची दोन घरं

आमच्या गल्लीत कुणी कुणाला आडनावानं हाक मारत नाही. मारून उपयोगच नाही. एकतर कुणीच वळून बघत नाही, नाहीतर सगळेच बघतात. एकाच आडनावाची तीस घरं. बरं, घरांवरच भागलं असतं तरी ठीक होतं. बेकरी त्याच आडनावाची, दवाखाना त्याच आडनावाचा, मोटार शिकवणारी शाळा, ओढ्यावरचा पूल आणि पुलापलीकडचं दगडी बाकडंसुद्धा. ते बाकडं कुणीतरी वडलांच्या आठवणीसाठी दिलंय. कुणाच्या वडलांच्या, हे आता कुणालाच माहीत नाही, त्यामुळे जो तो आपल्याच आजोबांचं समजून त्यावर ऐसपैस बसतो. जनावरांच्या डॉक्टरकडे आमच्या मांजरीच्या कागदावरही तेच आडनाव आहे. मी ते इथे लिहिणार नाही. लिहिलं की निम्मी गल्ली दारात उभी राहील, आमच्याबद्दल काय लिहिलंस म्हणून.

या गोंधळात माणसं वेगवेगळी ओळखू यायची ती लाँड्रीवाल्या आत्यामुळे.

आत्या माझी सख्खी नव्हे, ती सगळ्या गल्लीचीच आत्या. माहेरचं आडनाव हेच, सासरचंही हेच. "लग्नात सगळं बदललं, सही तेवढी तशीच राहिली," असं म्हणायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मग तिनं घराच्या पुढच्या खोलीत लाँड्री काढली. एक लांब टेबल, त्यावर जुनी घोंगडी, तिच्यावर पांढरी चादर, कोपऱ्यात कांजीचं पातेलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हँगरची दांडी. खोलीत पाऊल टाकलं की ओल्या सुती कापडाचा गरम वास यायचा. मला तो अजून आवडतो.

सुरुवातीला ती गठ्ठ्यांवर आडनावाची चिठ्ठी लावायची. आता बोला! पहिल्याच महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांची पँट शाळेच्या हेडमास्तरांकडे गेली. डॉक्टर बुटके, हेडमास्तर ताडमाड. त्यांनी घाईघाईत ती चढवली आणि दिवसभर पोटऱ्या दाखवत इतिहास शिकवला. त्या संध्याकाळी आत्यानं कानाला खडा लावला. चिठ्ठ्या बंद. दर घराला दोऱ्याचा एक रंग दिला आणि प्रत्येक कपड्याला कॉलरच्या किंवा कमरपट्टीच्या आत त्या रंगाचा एक बारीक टाका घालायला लागली.

बघता बघता टाके कपड्यांतून बाहेर आले आणि माणसांना चिकटले. हिरव्या दोऱ्याची सून, पिवळ्या दोऱ्याचा थोरला, राखाडीवाले मास्तर. आमचा दोरा जांभळा. आत्याच्या स्वतःच्या कपड्यांना मात्र टाका नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला कशाला दोरा? मी काय कुणाच्या गठ्ठ्यात जाणार आहे?"

हे ती हसत म्हणाली होती. मला काही हसू आलं नाही.

आता आमच्या घरचं सांगते, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. माझे वडील आणि काका दोघं मिळून छापखाना चालवायचे. पायानं चालवायचं जुनं यंत्र होतं, त्यावर काकाचा जीव. तेल घालताना तो त्याच्याशी गप्पा मारायचा. सात वर्षांपूर्वी काका काविळीनं दवाखान्यात पडला असताना वडलांनी ते यंत्र भंगारात विकलं, नवं घ्यायचं म्हणून. काका बरा होऊन आला तर फरशीवर फक्त चार बोल्टांची भोकं. महिनाभरात बायको-मुलीला घेऊन तीन घरं सोडून पलीकडे राहायला गेला. चूक वडलांची होती. ते त्यांनाही कळत होतं, पण कबूल करतील तर ते माझे वडील कसले!

वेगळं घर झालं म्हणून काकू नवा रंग मागायला आत्याकडे गेली. आत्यानं इस्त्रीवरून मान वर न करता सांगितलं, "रंग संपले."

"अहो आत्या, एखादा तरी असेल."

"संपले म्हटलं ना. जांभळाच राहू दे."

मग काय, जी गंमत सुरू झाली ती विचारू नका. दोघं भाऊ एकाच मापाचे, दोरा एकच. काकाचे शर्ट आमच्याकडे यायचे, वडलांचे तिकडे जायचे. दर आठवड्याला मी आणि माझी चुलत बहीण बाकड्यावर बसून अदलाबदल करायचो. बोलणं बंद, शर्टांचं जाणं-येणं चालू. एकदा तर वडील दिवसभर काकाचा चौकड्यांचा शर्ट घालून छापखान्यात बसले. संध्याकाळी खिशात काकाची खोकल्याची गोळी सापडली. ती हातात धरून ते बराच वेळ खुर्चीत बसून होते. मला वाटलं, आता उठतील आणि जातील. उठले, हात धुतले आणि जेवायला बसले. माझं असं डोकं फिरलं की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

यंदा आत्याचा उजवा खांदा कायमचा धरला. इस्त्री उचलेना. लाँड्री बंद करायची ठरली. तीसही घरांनी तिला राहायला बोलावलं, अगदी मनापासून. तिनं सगळ्यांना हात जोडले. "एका दोऱ्याकडे गेले तर बाकीचे सगळे तोंड फुगवतील," म्हणाली आणि पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात नाव घालून आली.

सामान आवरायला मी गेले होते. टेबलाच्या खणात मागे ढकललेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. उघडला तर आत दोऱ्याची रिळं. नारिंगी, आकाशी, गुलाबी, मोरपंखी. अकरा मोजली मी, एकाचाही कागद फाडलेला नव्हता. कागद पार पिवळे पडले होते.

"आत्या, रंग संपले होते ना?"

ती हँगर मोजत होती. थांबली नाही. "संपलेच होते. तुमच्यासाठी."

मी डबा उचलला, तडक घरी आले आणि वडलांच्या पुढ्यात ठेवला. आत्या काय म्हणाली तेही सांगितलं. वडलांनी एक एक रीळ उचलून बघितलं, परत ठेवलं. मग आत गेले, लाँड्रीच्या शेवटच्या गठ्ठ्यात चुकून आलेला काकाचा शर्ट घेतला आणि चपला घातल्या. मी मागोमाग निघाले. नको म्हणाले नाहीत.

दार काकानंच उघडलं. वडील शर्ट पुढे करून म्हणाले, "मशीन विकायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

काकानं शर्ट घेतला. कॉलर उलटून टाका बघितला, उगाचच. "एवढं एक वाक्य जुळवायला सात वर्षं लागली?" म्हणाला. "आत ये. उभा काय राहिलास?" मी तिथूनच परत फिरले आणि बाकड्यावर बसून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाचा निरोप आला. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, तेव्हा आत्याच्या प्रत्येक कपड्यावर खूण हवी. आणि नुसतं आडनाव लिहून चालणार नाही, कारण त्या आडनावाच्या चार बायका आधीच तिथे आहेत. आत्याला खांद्यामुळे सुई धरवत नव्हती. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर लांब टेबलाशी माझे वडील आणि काका शेजारी शेजारी बसलेले. दोघांच्या नाकावर चष्मे, दोघांच्या हातात सुया, मध्ये जांभळं रीळ. स्वेटर, टॉवेल, उशीचे अभ्रे, सगळ्यांना टाके चालले होते.

आत्या खुर्चीतून चिडचिड करत होती. "जांभळा नको रे. मी तुमच्यातली झाले तर बाकीचे काय म्हणतील? दुसरा एखादा घाला. डबाभर आहेत."

काकानं सुईवरून मान वर केली नाही. "रंग संपले," म्हणाला.

आत्यानं डाव्या हातानं वडलांपुढचा स्वेटर ओढून घेतला, टाका नखानं चाचपून बघितला आणि परत त्यांच्या अंगावर टाकला.

"सैल आहे हा," ती म्हणाली. "परत घाल. धुण्यात निघता कामा नये."