बिनहॉर्नचा थांबा

डेपोत तिला सगळे 'बिनहॉर्न' म्हणायचे, कारण बस चालवताना ती हॉर्नला हातच लावायची नाही. मी तिची कंडक्टर. माझं तोंड फाटकं, तिचं बंद, त्यामुळे आमचं छान जमायचं. ड्रायव्हरची जागा मिळावी म्हणून या पोरीनं डेपोचे उंबरे झिजवले होते. "बाईमाणूस एवढं धूड काय हाकणार" म्हणणाऱ्यांची तोंडं तिनं पहिल्याच आठवड्यात बंद केली.

मग तिला दिवस गेले आणि सकाळच्या फेरीला मळमळ सुरू झाली. डिझेलचा वास आला की पोटात ढवळायचं. मी म्हटलं, "रजा टाक गं." तर म्हणते, "मावशी, मला दिवस गेलेत, हातपाय नाही गेले."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गाडी चालव, पण ढवळायला लागलं की आधी थांब. आणि पाणीसुद्धा पोटात टिकेनासं झालं तर तडक माझ्याकडे ये. सासूबाई रोज तिच्या उशाशी कोरडी बिस्किटं ठेवायच्या, उठायच्या आधी खायला. खिशात आल्याचा तुकडा, नाकाशी लिंबाची साल, माझ्या सीटखाली झाकणाची बादली. एवढी जय्यत तयारी, तरी शाळेच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली, धूर आत आला, की शाळेच्या भिंतीपाशी व्हायचं ते व्हायचंच.

तिथे मात्र ती हॉर्न वाजवायची. मागून सायकलवाले घुसू नयेत म्हणून, एकदाच, पण चांगला लांब. मग गाडी कडेला, हँडब्रेक, आणि बादली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि कुणी नाक मुरडलं की त्याची बिनपाण्यानं करायची. "तुम्ही काय आभाळातून पडलात? तुमच्याही आईनं हेच सोसलंय!"

गंमत पुढेच आहे. भिंतीमागच्या गल्लीला बसचा थांबाच नव्हता. तिथले काठीवाले आजोबा त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करून थकले होते. रोज हॉर्न ऐकून गल्लीला वाटलं, आता बस आपल्याला बोलावतेय! आजोबा, शिवणकामाला जाणाऱ्या दोघी जावा, दप्तरवाली पोरं, सगळे पळत यायला लागले. मी काय हाकलून देऊ त्यांना? थोड्या दिवसांत तर लोक बिनदिक्कत तिकीट मागायला लागले, "एक उलटी द्या."

शेवटी कुणीतरी चुगली केलीच. डेपोचे साहेब तिला म्हणाले, "बेकायदा थांबा, वर गाडीत घाण! उद्या मी स्वतः येतो. थांबलीस तर परवापासून पासच्या खिडकीत बसायचं."

खिडकीत म्हणजे संपलंच. एकदा सुटलेलं स्टिअरिंग बाईच्या हातात परत कोण देतंय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती एवढंच म्हणाली, "येऊ देत."

सकाळी साहेब पहिल्याच सीटवर येऊन बसले. माझा जीव टांगणीला. चढ आला, धूर आत आला. मी आरशात तिचा चेहरा बघते तर काय, एकदम स्वच्छ! नेमकी आजच मळमळ नव्हती. मी मनात म्हटलं, सुटलो गं बाई, आता दामट सरळ.

भिंतीपाशी आजोबा काठी वर करून उभे होते. मागे दोघी जावा, पोरं. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, लांब हॉर्न वाजवला आणि गाडी कडेला घेतली.

साहेब ताडकन उठून तिच्याजवळ गेले. "काय, उलटी?"

"नाही साहेब. आज बरंय मला."

"मग थांबलीस कशाला? सरळ गेली असतीस तर मी तक्रार इथल्या इथे मिटवली असती!"

"माहितेय. पण माणसं उभी आहेत. मला बरं नव्हतं तेव्हा हे लोक माझ्यासाठी खोळंबले, एकानंही कुरकुर केली नाही. आता मला बरं वाटतंय म्हणून त्यांना टाकून जाऊ?"

तेवढ्यात आजोबा दांड्याला धरून कसेबसे वर चढले. साहेब त्यांच्या काठीकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "बरं, चल, घे गाडी."

"कुणी घ्यायची?" तिनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "मला खिडकीत बसवायचं असेल तर आत्ताच घ्या ही, आणि दुसरा ड्रायव्हर बोलवा. नसेल बसवायचं, तर मागे जाऊन बसा. माझ्या सीटमागच्या पिवळ्या रेषेच्या पुढे उभं राहायची परवानगी कुणालाच नाही."

माझं फाटकं तोंड शिवल्यासारखं झालं. साहेबांनी किल्लीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं रेषेमागे जाऊन बसले.

तिनं गाडी सुरू केली. पुढे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी बिनहॉर्ननं हॉर्न वाजवला, चांगला लांब.