काट्यावरची दोन चाकं

शर्यतीच्या सायकलला नवं चाक हवं होतं. दत्तूकाकांच्या दुकानात त्यांनी हातानं बांधलेलं चाक आणि कारखान्यातलं तयार चाक मी आळीपाळीनं काट्यावर ठेवलं. तयार चाक हलकं भरलं, शिवाय स्वस्तही होतं.

"मग तेच घ्या," काट्याकडे बघत काका म्हणाले.

भांडले असते तर बरं वाटलं असतं. सवयीनं त्यांनी आपल्या चाकाच्या तारा नखानं एकेक करून छेडल्या. जन्मभर ते असाच कानानं ताण जुळवत आलेत. मग चाक माझ्या कानाशी धरून पुन्हा तारा छेडत म्हणाले, "सगळ्या सारख्या वाजतात ना? बारीक आवाज मला आता ऐकू येत नाहीत."

मी हो म्हटलं. मला कुठल्याही चाकाच्या तारा सारख्याच वाटतात. असलं कसब शेवटी माझ्यासारख्याच्या कानाशी येतं, आणि तिथंच मरतं.