पंखा बंद ठेवायचा

परवा लेकीच्या शाळेसाठी लोकरीची फुलं चिकटवताना गोंदाचा उग्र वास आला आणि पहिल्या नोकरीतली ताथवड्याची ती पत्र्याची प्रयोगशाळा आठवली. विमानाच्या इंजिनाच्या तोंडात हवा सरळ न शिरता भेलकांडली, की इंजिनाला धाप लागते. ती हवा कुठं वळते ते दिसावं म्हणून आम्ही त्या तोंडाचा नमुना म्हणून बनवलेल्या नळीत लोकरीचे धागे चिकटवले होते. लोकर होती सातव्या महिन्यात असलेल्या आमच्या सहकारिणीची, बाळाच्या स्वेटरमधून उरलेली. बाहेरचा वारा लागला तर रीडिंग बिघडायचं, म्हणून भर उन्हाळ्यातही पंखा बंद. आठवडाभर फसलेलं रीडिंग त्या दुपारी कुठं जमत होतं, तेवढ्यात ती सहकारीण घामाघूम होऊन भिंतीला टेकली. आमचे प्रमुख, सर, पंखा लावायला गेले. "नको ना सर, परत सगळं मांडायची ताकद नाही आता," ती पुटपुटली. "राहू दे गं. इंजिनाचं नंतर बघू, आधी तुला हवा लागू दे," सर म्हणाले. पंखा लागला, नळीतले धागे सैरभैर झाले. आम्ही सगळे पंख्यासमोर जाऊन बसलो. आता हेच काम मी एसीत, संगणकावर, एकटा करतो. रीडिंग बिघडत नाही, आणि कितीही दमलो तरी 'राहू दे' म्हणणारं कुणी नसतं.