खाडीच्या अलीकडचा देव

काही गुन्हे फायलीबरोबर बंद होतात. हे प्रकरण मुळात फायलीत नीट उघडलंच नाही, आणि कदाचित म्हणूनच निवृत्तीनंतरही ते माझ्यापाशी राहिलं आहे.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. शिमगा तोंडावर आलेला. एका सकाळी कोकणातल्या एका गावाच्या मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष दहाबारा माणसं घेऊन आले. अध्यक्षांच्या खांद्यावर शाल होती. सत्कार कुठे होता, हे मी विचारलं नाही. काही माणसांचा तो कायमच चालू असतो. त्यांच्यामागे पांढरा सदरा घातलेला एक सत्तरीचा माणूस उभा होता. त्याला दोघांनी दंडाला धरलं होतं.

"साहेब, हा आमच्या देवळाचा गुरव. ग्रामदेवतेचं चांदीचं रुपं पेटीतून गायब आहे, आणि हा इथे भांडुपला सापडला. तुम्हीच काय ते समजा."

रुपं म्हणजे देवाचा मुखवटा. शिमग्याला तो पालखीत बसवतात आणि पालखी घरोघर जाते. अध्यक्षांना मंडळाच्या बॅनरसाठी देवाचा फोटो हवा होता. त्यासाठी गावी जाऊन पेटी उघडली, तर आत नुसतं रेशमी वस्त्र. बॅनर नसता तर चोरी शिमग्यापर्यंत कळलीही नसती.

"रुपं परत आलं नाही तर याची गुरवकी जाणार," अध्यक्ष म्हणाले. "सात पिढ्यांची असली तरी जाणार. आणि वर तुरुंग."



मी अर्ज चौकशीवर घेतला आणि गावाकडच्या ठाण्याला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने देवळाचं नाव ऐकून सुस्कारा सोडला. "ते देऊळ आमच्या हद्दीत नाही, सर. खाडीपलीकडे विचारा." पलीकडच्या ठाण्यानेही तेच सांगितलं, फक्त सुस्कारा अधिक लांब होता.

मला जुनी गॅझेटियर वाचायची खोड आहे, त्यामुळे घोळ लवकर समजला. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने दोन तालुक्यांची हद्द खाडीच्या मधोमध आखली. गावाची एक वाडी या काठावर, एक त्या. साहेब बहुधा भरतीच्या वेळी आला असावा. ओहोटीला इकडची माणसं तिकडे चालत जातात, हे त्याला दिसलं नाही. पुढे वाळू साचली, खाडीने वाट बदलली, आणि देऊळ जागचं न हलता एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं. नकाशा मात्र साहेबाचाच राहिला. साहेब गेले, तालुके राहिले.

पालखी पूर्वी दोन्ही वाड्यांना जायची. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी ती खाडी ओलांडायची बंद केली. कारण? "दोन तालुके, दोन परवानग्या. कायद्याचं काम आहे, साहेब." कायद्यावर इतकं प्रेम मी वकिलांतही पाहिलं नाही.

गुरवाला मी समोर बसवलं, चहा मागवला.

"रुपं कुठे आहे, बाबा?"

"माझ्या हातसून देव हरवलो नाय, सायबानू."

"मग आहे कुठे?"

गप्प. माझ्या अनुभवात चोर गप्प बसत नाही. तो बोलतो, शपथा घालतो, पोरांची नावं घेतो. हा माणूस कुणालातरी शब्द दिल्यासारखा गप्प होता. चहावर साय धरली.

"चहा तरी घ्या."

"नको. पूजा जावची आसा अजून."

बोलून गेला आणि ओठ मिटून घेतले. देऊळ साडेचारशे किलोमीटरवर, आणि याची पूजा व्हायची आहे! मी त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. अटक नव्हतीच, पण दारात मंडळाची माणसं उभी होती, त्यामुळे तो कुठे जाणार नव्हता.

आमच्या हवालदार बाई भांडुपच्या टेकडीवर राहायच्या. त्यांना मी म्हटलं, "त्या गावची माणसं तुमच्याच टेकडीवर राहतात. कुणाच्या घरी देव आलाय का, बघा."

बाई हसल्या. "सर, ते बघायला नको. आमच्या गल्लीत रोज सकाळी कोळीण येते. गेला आठवडाभर एका खोलीसमोर ओरडतेय, 'काय गं, तुमच्या घरात काय श्रावण लागला का? मालवणी ना तुम्ही?' एरवी दोन पापलेटं घेणारं घर, साधा जवळा घेत नाही. मला वाटलं, घरातली म्हातारी आजारी आहे म्हणून असेल."

"आजारपणात मालवणी माणूस मासे सोडतो?"

"आजारपणात तर जास्त खातो, सर."

टेकडीवर ती खोली शोधायला पत्ता विचारावा लागला नाही, उदबत्तीचा वास पुरला. दार पन्नाशीतल्या माणसाने उघडलं. गणवेश पाहून त्याचा चेहरा उतरला, पण आतून खणखणीत आवाज आला, "कोण इलो रे? येवा, येवा. चपला भायर काढा. देव इलेत."

खाटेवर त्याची आई होती. खुब्याचं हाड मोडल्यामुळे खाडीपलीकडच्या वाडीतून तिला मुंबईला आणलं होतं. समोर पाटावर तांदळाच्या राशीवर रुपं. झेंडूचा हार, समई. मी बूट काढले. पोलिसांच्या नियमावलीत याबद्दल काही नाही.

मुलाने मला दारापाशी नेलं. "तीन वर्षं पालखी आमच्या वाडीत आली नाही, साहेब. डॉक्टर म्हणाले, आता ही खाटेवरून उठणार नाही. ती रोज विचारायची, पालखी कधी येतली? मी गुरवकाकांकडे गेलो. त्यांनी देवाला कौल लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे होकार."

"आणि डावा दिला असता तर?"

"तर नसतं आणलं," तो इतक्या साधेपणाने म्हणाला की पुढचा प्रश्न मी गिळला.

मी गुरवाला आणि अध्यक्षांना तिथेच बोलावलं. गुरव आल्या आल्या हातपाय धुऊन पूजेला बसला. आमच्या बाईंना राहवलं नाही.

"बाबा, एसटीत देवाचं तिकीट काढलंत का?"

"मांडयेर घेतलंय तेंका. मांडयेर बसल्याक तिकीट नाय."

अध्यक्ष हे ऐकत दारातच थांबले होते. आत पंचनामा करावा, अटक करावी, असं हलक्या आवाजात मला सांगत होते. म्हातारीने त्यांना निरखलं.

"तू सड्यावरच्या भिकल्याचो झील मां रे? आत ये. तुझ्या बापाशीन पालखी खांद्यार घेवन खाडी ओलांडल्यान हुती. कंबरभर पाणी. आणि तू मागसून रडत. चप्पल व्हावान गेली म्हणान."

खोलीत आमच्या बाई फिस्सकन हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. ते चपला काढून आत आले आणि पाटापुढे डोकं टेकवलं. शाल घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

"साहेब," बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तो अर्ज..."

रुपं गुरवाच्या ताब्यातलं, त्यानेच नेलं, परत न्यायचंच होतं. लबाडीचा हेतू नाही तिथे चोरी नाही. मी अर्ज निकाली काढला. गुरव जाताना ठाण्यावर आला आणि बाकावर बसून म्हणाला, "पूजा झाली. आता चाय चलात."

माझ्या नोकरीत 'कुठे घडलं' हा प्रश्न पहिला असे, कारण हद्द आपली नसली की सुटका होते. त्या दिवसापासून मी आधी 'काही घडलं आहे का' हे विचारू लागलो. वरिष्ठांना ही पद्धत फारशी आवडली नाही.

अध्यक्षांनी पालखी खाडीपार नेण्यासाठी दोन्ही ठाण्यांकडे परवानगी मागितली. दोन्हींकडून एकच उत्तर आलं: देऊळ आमच्या हद्दीत नाही. म्हणजे मनाई करायलाही कुणी उरलं नाही. शिमग्याला ओहोटीच्या वेळी पालखी पाण्यात उतरली. पुढच्या दांड्याला अध्यक्ष होते, अनवाणी. टेकडीवरच्या खोलीत मुलाने व्हिडिओ कॉल लावून आईच्या डोळ्यांसमोर फोन धरला होता, आणि ती त्यातल्या माणसांना ओरडून सांगत होती, "उजवीकडसून येवा रे, थयसर खोल आसा!"