तेहतिसावं नाव

बत्तीस जण हजर होते आणि एकाच्याही अंगाला मासळीचा वास नव्हता. जन्मात मासा न खाल्लेल्या माझ्यासारख्याच्या नाकाला तो आधी कळतो. सगळ्यांच्या वेष्ट्या, म्हणजे कमरेची धोतरं, मात्र पांढरीशुभ्र.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी कुंभकोणमला फिशरीज इन्स्पेक्टर होतो. पट्टीश्वरमच्या पलीकडे एका गावात मोठं तळं होतं. नियम असा की, तळं मच्छीमारांच्या सोसायटीला लिलावाशिवाय द्यायचं, म्हणजे पैसेवाल्यांनी ते बळकावू नये. मेंबर मात्र खरा मच्छीमार हवा. ते ठरवण्याला व्हेरिफिकेशन म्हणत. मी यादी वाचायची, माणसाने उठून सही करायची. जो गैरहजर, त्याचं नाव कापायचं. झालं व्हेरिफिकेशन!

तेहतिसावं नाव मारीमुत्तुचं. कोणी उठलं नाही. मागून त्याची बायको सेल्वी पुढे आली.

"सार, ते कोळ्ळिडम नदीवर गेलेत. शुक्रवारी येतील."

"आजची नोटीस लावली होती ना?"

"होती, सार. पण नदीत मासा आत्ताच आहे. मासा कुठे नोटीस वाचतो?"

लोक हसले. सोसायटीचा प्रेसिडेंट सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याची भाताची गिरणी होती आणि हजर मेंबरांतले निम्मे तिथेच कामाला होते.

ऑफिसात येऊन मी असिस्टंट डायरेक्टरांना सांगितलं, "सर, त्या गावात मासे धरणारा तो एकटाच आहे. शुक्रवारी पुन्हा जाऊन येतो."

"रायर," साहेब म्हणाले. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांना तिकडे सगळे रायरच म्हणतात. "तुम्ही मासा खात नाही, मग मासेवाल्याचा एवढा पुळका कशाला? प्रेसिडेंटचा मेव्हणा मद्रासला कोणाकडे उठतो-बसतो, ठाऊक आहे ना? तिकडे लांब रामनाथपुरमला एक जागा रिकामी आहे."

नियमात फेरतपासणीची सोय होती. माझी एक ओळ पुरली असती. पण मुलींच्या शाळा कुंभकोणमला, म्हातारी आई घरात. मी भ्यालो. लाल शाईने नाव कापलं आणि तळं सोसायटीला मिळालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला तळ्याचं पाणी उतरलं. मासे काढायची वेळ आली, तेव्हा मेंबर बांधावर उभे. जाळं कसं ओढायचं, एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी मारीमुत्तुलाच रोजावर बोलावलं. महिनाभर त्याने त्यांच्यासाठी मासे काढले. एका संध्याकाळी घरच्या कालवणापुरतं स्वतःचं जाळं टाकलं आणि राखणदाराने त्याला धरलं. विनापरवाना मासेमारी. जाळं जप्त करायला मलाच जावं लागलं.

मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने वाद घातला नाही. जाळ्याची नीट घडी करून माझ्या हातात दिली.

"वर टांगून ठेवा, सार. तुमच्या ऑफिसात उंदीर फार."

"तुला कसं ठाऊक?"

"नाव परत घाला म्हणून सांगायला तीनदा आलो होतो. तुम्ही नव्हता. फिरतीवर गेलात म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसचं हजेरीचं मस्टर काढून पाहिलं. मी फिरतीवर असलेल्या प्रत्येक दिवशी माझ्या नावापुढे 'कामावर' असं लिहिलेलं होतं.