परांचीवरचा बाहुला

आमच्या इंदिरानगरात सरकारी दवाखान्याची इमारत उभी राहत होती आणि रोज सकाळी तिच्यावर देखरेख करायचं काम मी, कुणीही न सांगता, अंगावर घेतलं होतं. तिथला मिस्त्री निफाडकडचा. बोलताना हातातली थापी समोरच्याच्या छातीवर रोखायची त्याला सवय, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे.

एकदा म्हणाला, “काका, जुना शर्ट द्या. इमारतीला नजर लागू नये म्हणून बाहुला टांगायचाय.” मी दिला. दुसऱ्या दिवशी तक्रार, “तुमच्या पोटात लय पेंढा गेला हो!”

पुढे पाहणीला मोठे पाहुणे येणार म्हणून इंजिनिअरसाहेबांनी तो बाहुला उतरवायला लावला. झालं! एरवी एकमेकांच्या भाताला नावं ठेवणारे बिहारचे गवंडी आणि पेठ तालुक्यातले मजूर वाळूच्या ढिगावर मांडीला मांडी लावून बसले. परांचीवर कुणी चढेना.

मिस्त्रीची थापी साहेबांच्या छातीवर. “बाहुला नको असंल तर तुम्ही लटका साहेब. काळा रंग आम्ही लावतो.”

बाहुला पुन्हा वर गेला, मागोमाग माणसंही.

“तुमचा भारीच विश्वास दिसतो यावर,” मी म्हणालो.

“माझा? छ्या! मी नाय मानत असलं काही. पण चौथ्या मजल्यावर एखाद्याच्या मनात भीती शिरली अन् पाय लटपटला, तर खाली तुम्ही झेलणार हाय का त्याला?”