दारावरचा आकडा

"बाहेरनंच बोल. फरशी आत्ताच पुसलीय."

जव्हारच्या कचेरीतला बाबू मान वर न करता बोलला. बा माझ्यामागे उभा होता. चपला त्याने पायरीखालीच काढल्या होत्या. सरकारी कचेरीत तो देवळात गेल्यासारखा जातो. लहानपणापासून मला ते डाचतं.

मी दारातूनच हात लांब करून अर्ज दिला. माहिती अधिकाराचा. सोबत दारिद्र्यरेषेचा दाखला जोडला होता, म्हणजे फी लागत नाही. बाबूने दाखला पाहिला आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "रेशन फुकट, घरकुल फुकट, आता माहितीपण फुकट. काय करणार गं माहितीचं? भाकरीसोबत खाणार?"

शेजारचा हसला. बासुद्धा हसला. साहेब हसले की आपण हसायचं, हे आमच्यात कुणी शिकवावं लागत नाही. मला बाचा राग आला. मग माझाच आला, कारण माझेही ओठ ताणले गेले होते.

अर्जात एकच प्रश्न होता. आमच्या दारावर लाल रंगाने आकडा टाकलाय, तो कशासाठी?

पावसाळा संपल्यावर जीपमधून माणसं आली होती. पाड्यातल्या प्रत्येक दारावर आकडा टाकून गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. आयने त्यांना काही विचारलं नाही. साहेबाला कुठे विचारतात! तिला वाटलं, घरकुल मंजूर झालं. तिने त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर आकड्याला हळदकुंकू वाहिलं. तिचं बघून सगळ्या पाड्याने वाहिलं. संध्याकाळी मी आले, तर ओढ्याकडच्या सागांवरही तोच लाल रंग दिसला. झाडाला कुणी घरकुल देत नाही.

अर्जाचं उत्तर यायच्या आधी जीप आली. पांढऱ्या शर्टातला एक माणूस उतरला. नाव सांगितलं नाही. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, मग मोबाइल पुढे धरला. त्यात माझा अर्ज. माझं अक्षर, माझी सही.

"पोरगी हुशार आहे," तो बाला म्हणाला. "शेवटच्या एसटीने येते ना? फाट्यावरून एकटीच चालत?"

बाने तांब्या ओट्यावर ठेवला.

"अर्ज मागे घेते म्हणून लिहून दे, ताई. विषय संपला."

"दे गं लिहून," बा म्हणाला. तोच कचेरीतला चेहरा.

"नाय देत," मी म्हणाले.

मग कचेरीचं उत्तर आलं. अशी कोणतीही मोजणी या कार्यालयाने केलेली नाही, म्हणे. लगोलग जीप परत आली. या वेळी पांढऱ्या शर्टवाल्याच्या हातात बोळा होता आणि रॉकेलचा डबा.

"आकडे चुकून पडलेत. पुसून देतो."

हे घरकुल नाही, पाडा उठवायची मोजणी असणार, हे मी तोवर आयला सांगितलं होतं. ती चुलीपुढेच बसून राहिली होती. आता बोळा दाराला लागणार तोच ती आडवी आली.

"कुकू वाहिलाय त्याला. लाव हात. लावून बघ."

शेजारच्या बायाही आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तो जीपमध्ये बसला आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "एसटी चुकवू नको, ताई."

त्या दिवसापासून कुत्रं भुंकलं की बा उठून बसतो. फाट्यावरून मी आता एकटी येत नाही, तरी मागे वळून बघत येते. भीती गेलेली नाही. ती जाईल असंही मला वाटत नाही.

कचेरीच्या त्या उत्तरावर मी अपील केलं. त्याची सुनावणी उद्या आहे, त्याच कचेरीत. सकाळी बा दाराच्या बिजागऱ्या सैल करत बसला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. आम्ही दार घेऊन जाणार आहोत, आकड्यासकट, कुंकवासकट. घर उघडं राहील. राहू दे. हा आकडा कुणी टाकला आणि आमचं काय करायचं ठरवलंय, ते त्यांनी आमच्या तोंडावर सांगायचं.

फरशी पुसलेली असेल. बा चपला घालून आत येणार आहे. दार मी त्या फरशीवर ठेवणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत उचलणार नाही.